उढाण सरांचा पाचवा पीळ

उढाण सर दोर विकत घ्यायला निघाले की मी सोबत जायचं टाळत असे. एकदाच गेलो. जालन्याच्या आठवडी बाजारात ते दोरवाल्यासमोर उकिडवे बसले, एक दोर उचलला, डोळ्यांजवळ नेला, ताणून पाहिला आणि खाली ठेवला. मग दुसरा उचलला. सतरावा दोर खाली ठेवला तेव्हा दोरवाल्याचा धीर सुटला.

"मास्तर, बैलासाठी पाह्यजे का म्हशीसाठी?"

"कपडे वाळू घालायला."

"मंग एवढं काय पाहून राह्यले?"

"पीळ पाहून राह्यलो. उजवाच पाह्यजे."

सतराच्या सतरा दोर उजव्या पिळाचे निघाले. सरांनी पहिला दोर घेतला. बाकीचे सोळा मग कशाला पाहिले, असं मी परतताना विचारलं, तर म्हणाले, "खात्री." दोरवाला आम्ही दिसेनासे होईपर्यंत आमच्याकडे बघत होता. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडेही, हे दुःख वेगळं.

सरांचं पूर्ण नाव मुरलीधर उढाण. गाव जांब समर्थच्या पलीकडे, घर शेतकऱ्याचं, विषय रसायनशास्त्र आणि वेड प्रथिनांचं. आम्ही दोघं एक्क्याऐंशी साली एकाच महिन्यात जालन्याच्या एका कॉलेजात रुजू झालो. ते रसायनशास्त्राला, मी इतिहासाला. मस्तगडला शेजारी शेजारी भाड्याने राहिलो. दोन घरांत भिंत एकच होती आणि तीही अशी, की त्यांच्याकडची फोडणी आमच्याकडे आणि आमच्याकडचं भांडण त्यांच्याकडे बिनतक्रार पोचत असे. त्यामुळे या माणसाविषयी मी जे सांगतोय ते ऐकीव नाही असं म्हणता येणार नाही; पण भिंतीला कान लावावा लागला नाही एवढं खरं.

बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात प्रथिनांना एक प्रकरण होतं. सर जूनच्या अखेरीला त्यात शिरत आणि दिवाळीच्या सुट्टीला बाहेर पडत, तेही सुट्टी लागली म्हणून. उरलेलं रसायनशास्त्र पोरं गाइडातून करत आणि पास होत. वर्गात दर पाच मिनिटांनी सर विचारत, "घडी बसली का?" समजलं का, हे विचारण्याची ही त्यांची पद्धत. मग ती वर्गापुरती राहिली नाही. जेवणाच्या पंगतीत, नव्या नवरा-नवरीला, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाला, सगळ्यांना तेच: "घडी बसली का?" परकी माणसं हो म्हणत आणि पुढच्या थांब्याला जागा बदलत.

घडी म्हणजे काय, हे मी त्यांना पहिल्याच वर्षी विचारलं. मी तरुण होतो, अनुभव कमी होता.

"प्रथिन म्हंजे मण्यांची माळ समजा, इतिहासवाले," सर म्हणाले. मला ते कायम इतिहासवाले म्हणत; माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला अजून शंका आहे. "लांबच लांब माळ. पन नुसती लोंबकळून काही कामाची न्हाई. तिची घडी बसली पाह्यजे. कुठं ती दोरावानी पीळ घेती, कुठं बाजेच्या नवारीवानी पट्टीला पट्टी लागून बसती. एक पीळ, एक वळण, पुन्हा एक पीळ, अशी लहानशी नक्षी जमली की तिला म्हनायचं मोटिफ. आन् अख्खा गठ्ठा स्वतःच्या जिवावर घडी घालून उभा राह्यला, की तो डोमेन."

"फरक काय मग दोघांत?"

"लई फरक. डोमेन कापून बाजूला काढा, नुसत्या पाण्यात टाका, त्याची घडी बराबर बसती. त्याला कुनाची गरज न्हाई. मोटिफ कापून काढला की उलगडला. खतम."

एवढ्यावर थांबले असते तर ते शास्त्रज्ञ ठरले असते. पण त्यांनी ही मोजपट्टी घेऊन सगळं कॉलेज मोजायला काढलं. प्राचार्य मोटिफ, कारण खुर्चीतून उठवले की उलगडतात. ग्रंथपालही मोटिफ. लॅबमधले शिपाई रामभाऊ मात्र डोमेन, कुठल्याही विभागात बदली करा, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंही झोपलेले सापडतात. माझा निकाल त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत लावला. "इतिहासवाले, तुम्ही मोटिफ. वहिनी माहेरी गेल्या की तुमची ना दाढी, ना डबा."

"आणि तुम्ही?"

"आपन बिलकुल डोमेन."

हे त्यांनी घरीही एकदा माझ्यासमोर म्हटलं, तर आतून वत्सलावहिनींचा आवाज आला, "त्या डोमेनला इचारा भाऊजी, घरात बनियन कुठं असतंय ते." डोमेन उठून बनियन शोधायला लागला.

वत्सलावहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. शिक्षण सातवी, आवाज खणखणीत आणि हात डावा. म्हणजे सगळी कामं डाव्या हाताने. भाकरी थापणं, झाडणं, सुई-दोरा, आणि वेळ पडली तर मुलाच्या पाठीत धपाटाही डावाच. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने हळदीकुंकवापुरता तरी उजवा हात वापर म्हणून फार जीव काढला, त्यांनी तेवढा मान ठेवला. बाकी जन्म डाव्या हाताने काढला.

सरांच्या निःस्पृहपणाचा एक किस्सा सांगायलाच हवा. परीक्षेत प्रथिनाच्या पिळाची आकृती काढायला असे आणि ती कुणी डावी काढली की सर अर्धा मार्क कापत. या पिळाला निसर्गाने उजवीच दिशा दिलेली आहे म्हणे. वडीगोद्रीकडच्या एका मुलाचा पहिला वर्ग या अर्ध्या मार्काने हुकला. त्याचे वडील मोसंबीची पेटी घेऊन घरी आले. सरांनी पेटीतलं एक मोसंबं घेतलं, आडवं कापलं, मधल्या दांड्याभोवती फोडी कशा गोल उभ्या राहतात ते दाखवलं, नवारीच्या पट्ट्यांचं पिंपही प्रथिनात असंच असतं हे त्या माणसाला पाऊण तास समजावून सांगितलं, घडी बसली का विचारलं आणि एक मोसंबं कमी झालेली पेटी परत दिली. मार्क दिला नाही. तो माणूस जाताना मला विचारत होता, सायेब बरे हायेत ना?

या सगळ्याचा कळस म्हणजे मॉडेल. स्नायूंमध्ये ऑक्सिजन धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, त्यात आठ पीळ आणि एकशे त्रेपन्न मणी. ते सरांनी पलंगाएवढं बनवायचं ठरवलं. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, त्यामुळे तारेची सोय झाली. मणी आणले बैलांच्या साजाच्या दुकानातून. पोळ्याच्या आधी माणसं बैलांच्या गळ्यासाठी घेतात तेच काचेचे मणी. वीस तऱ्हांचे मणी लागत होते, दुकानात अकराच रंग निघाले, उरलेले सरांनी घरी रंगवले. दुकानदाराने विचारलं, बैल किती हायेत? सर म्हणाले, एकही न्हाई. एवढ्या वर्षांत त्या दुकानात मी पुन्हा गेलो नाही.

तार मुसळावर गुंडाळायची, गुंडाळताना मणी ओवायचे, मुसळ काढून घ्यायचं, की झाला पीळ. वर्षाला एक, या वेगाने काम चालू होतं. चार पीळ झाले आणि सरांना कावीळ झाली. डॉक्टरांनी तीन आठवडे अंथरुणातून उठू नका म्हणून सांगितलं. सर पडल्या पडल्या पाचव्या पिळाची चिंता करत. हा पाचवा महत्त्वाचा, कारण ऑक्सिजन धरणारा लोहाचा गोळा मॉडेलमध्ये त्याच्या अगदी शेजारी बसायचा होता.

एका दुपारी सर झोपलेले असताना वहिनी ओसरीवर मांडीत मुसळ घेऊन बसल्या. चार पीळ त्यांनी डोळ्यांदेखत होताना पाहिले होते. भिंतीवर मण्यांच्या क्रमाचा तक्ता होताच. ऊन उतरेपर्यंत पाचवा पीळ तयार झाला. वीस मणी, एकही इकडचा तिकडे नाही. मी कॉलेजातून येत होतो, तर मला हाका मारून दाखवला. सर उठून दारात आले. क्षणभर त्यांचा पिवळा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हा माणूस चारचौघांत बायकोचं कौतुक करतो. मग त्यांचे डोळे बारीक झाले.

"डावा झाला," सर म्हणाले.

"काय डावा?"

"पीळ. तू डाव्या हातानं गुंडाळला."

"मंग कोन्त्या हातानं गुंडाळू? मला एकच हात कामाचा हाय."

"अर्धा मार्क कापला."

वहिनींनी पदराने कपाळ पुसलं. "मंग उलटा करून लावा की."

सर मोठ्याने हसले. मला मात्र ही सूचना अत्यंत व्यवहार्य वाटली. मी आणि वहिनींनी दोन टोकांना धरून तो पीळ वरचा खाली केला, उजेडात धरला, आडवा केला, पुन्हा फिरवला. इकडून डावा, तिकडूनही डावाच. उलटा टांगला तरी डावा पीळ डावाच राहतो, हे मी त्या दिवशी शिकलो. स्वतः प्रयोग करून मिळवलेलं माझं एवढंच विज्ञान आहे.

"जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या आणि तो पीळ आत घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर स्टोव्हच्या वर खुंटीला तो आडवा टांगलेला, आणि त्याच्या एकेका वेढ्यात पळी, झारा, उलथनं, चिमटा अडकवलेले. दिसायला फार छान दिसत होतं. फोडणीच्या धुराने दोन वर्षांत मणी काळे पडले. सर बरे झाल्यावर त्यांनी स्वतः उजवा पाचवा केला आणि पुढे आठही पीळ जोडून मॉडेल कॉलेजच्या लॅबमध्ये उभं केलं.

नंतर काही वर्षांनी वहिनी गेल्या. पोटाचं दुखणं होतं. औरंगाबादला नेलं, आणलं, परत नेलं. या भागात मला विनोद सुचत नाही, तेव्हा तो मी करत नाही. मुलगा पुण्याला नोकरीला होता. तो म्हणाला, आप्पा, आता माझ्याकडे चला. सर म्हणाले, "आपन डोमेन हावोत. बसंल घडी." पुढे आठ दिवस रोज सकाळी भिंतीपलीकडून एकामागून एक डबे उघडल्याचा आवाज यायचा. माझी बायको म्हणाली, मीठ शोधत असतील, आणि मिठाची वाटी घेऊन गेली. मीठच शोधत होते.

मग ते समितीचं प्रकरण आलं.

आमच्या कॉलेजात एम.एस्सी. सुरू व्हावं म्हणून सर सहा वर्षं विद्यापीठाला पत्रं लिहीत होते. कारण साधं होतं. वडीगोद्री, अंबडकडच्या मुली एसटीने ये-जा करून बी.एस्सी. व्हायच्या, पण पुढे शिकायला औरंगाबादला राहायला पाठवायचं म्हटलं की बाप नाही म्हणायचा. सरांनी अशा कितीतरी हुशार मुलींवर अक्षता टाकल्या होत्या, आणि लग्नाहून परतले की दर वेळी ते त्याच रात्री विद्यापीठाला नवं पत्र लिहायला बसत. अखेर विद्यापीठाने पाहणीसाठी समिती पाठवायचं कबूल केलं. प्राचार्यांनी भिंतींना चुना दिला, काजूची बिस्किटं आणली आणि लॅबमध्ये दाखवण्याजोगं काही आहे का, याचा शोध घेतला. एक मॉडेल तेवढं होतं. सगळी भिस्त त्याच्यावर.

आदल्या दुपारी मला धूळ झटकायच्या समितीवर नेमलं होतं. इतिहासाच्या माणसाला कॉलेजात अशीच कामं मिळतात. मी फडकं घेऊन लोहाच्या गोळ्यापर्यंत आलो आणि थांबलो. शेजारच्या पिळाचे मणी काळपट होते. नाक जवळ नेलं तर जिऱ्या-मोहरीचा वास आल्यासारखा वाटला. आणि पंधरा वर्षं या माणसाच्या शेजारी काढल्यावर मला झोपेतही डावा-उजवा कळत होता.

"सर, पाचवा डावा आहे."

"हाय," सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले.

"तुमचा उजवा कुठंय?"

"कपाटात."

"मग बदला जल्दी. उद्या समिती आहे."

"बघू."

मी त्यांना समजावलं, रागावलो, विद्यार्थिनींची नावं घेतली, कपाटाची किल्ली मागितली. शेवटी म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे सर, उद्या संध्याकाळी परत लावू. ते म्हणाले, "एकदा बाजूला काढला व्हता की. तवाच काढायला नको व्हता."

मी घरी आलो. रात्रीतून त्यांना अक्कल येईल अशी आशा होती.

आली नाही. समितीत तिघे होते. दोघांनी बिस्किटं पाहिली आणि तिसऱ्यांनी मॉडेल. हे तिसरे पांढऱ्या केसांचे, विषयातले जाणकार. मॉडेलभोवती सावकाश एक फेरी मारली, बैलांचे मणी ओळखून हसले, दुसऱ्या फेरीत पाचव्या पिळापाशी थांबले आणि त्यावर बोट ठेवलं.

"प्राध्यापक, हा डावा आहे."

प्राचार्यांनी रुमाल काढला. रामभाऊ उभ्या उभ्या जागे झाले.

"हो सर," उढाण सर म्हणाले. "चूक आहे."

"लक्षात आली नव्हती?"

"आल्ती."

"मग दुरुस्त का नाही केली?"

सर पाहुण्यांशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, तो त्या वेळी सुटला. "आमच्या घरच्यांनी केलाय तो. मी कावीळ होऊन पडल्तो तवा. आता त्या न्हाईत." मग म्हणाले, "अर्धा मार्क कापा सर. पन असू द्या."

त्या गृहस्थांनी बोट पिळावरून काढलं. वहीत काहीतरी लिहिलं. मग सगळे मणी एकदा मोजून पाहिले आणि एकशे त्रेपन्न बरोबर आहेत एवढंच म्हणाले.

महिन्याने पत्र आलं. जागा अपुरी असल्याने यंदा मंजुरी देता येत नाही. अपुऱ्या जागेतली निम्मी जागा मॉडेलनेच खाल्लेली होती, हे कुणी बोललं नाही. पिळाचा पत्रात उल्लेख नव्हता. तरी प्राचार्य निवृत्त होईपर्यंत सांगत राहिले की एका तारेने कॉलेज बुडवलं. पुढे नवीन खोल्या बांधल्या आणि दोन वर्षांनी मंजुरी मिळाली. पहिल्या तुकडीत सात मुली होत्या. सरांनी त्यांना दिवाळीपर्यंत प्रथिनंच शिकवली.

पण मला सांगायचंय ते समिती येऊन गेली त्या दिवशीच्या संध्याकाळचं. मी सरांवर चिडलेलो होतो. सायकल हातात धरून आम्ही मस्तगडपर्यंत चालत आलो. दाराशी आल्यावर आमच्या दाराचं कुलूप बघून ते म्हणाले, "वहिनी माहेराहून आल्या का?"

"परवा येणारेत."

"मंग चला आमच्याकडं जेवायला. खिचडी टाकतो."

"तुम्हाला येते?"

"येते की. डोमेन हावोत."

मी गेलो. सरांनी स्टोव्ह पेटवला, डाळ-तांदूळ धुतले, अंदाजाने पाणी ओतलं. स्टोव्हच्या वरची खुंटी रिकामी होती. भिंतीवर तिच्या खाली पिळाच्या आकाराचा एक फिकट पट्टा उरला होता, भोवतालची भिंत धुराने काळी. खिचडी शिजली. वास बरा येत होता. सर वाढायला उठले, त्यांनी सवयीने हात वर केला आणि तो हात त्या पट्ट्यापाशी तसाच राहिला. मग ते फळीवर शोधू लागले, ताटांच्या मागे, पिठाच्या डब्याआड. एकशे त्रेपन्न मण्यांतला कोणता कुठं बसतो हे पाठ असलेला माणूस. शोधता शोधता त्यांनी मान न वळवता आतल्या खोलीकडे आवाज टाकला, "अगं, पळी कुठं ठेवली?"

बाहेर कुणाची तरी सायकल वाजत गेली. सर पाठमोरेच उभे होते. मोटिफ कोण आणि डोमेन कोण, हे त्यांना ऐकवायची संधी मी पंधरा वर्षं शोधत होतो. मी उठलो आणि मोरीजवळची वाटी उचलून त्यांच्या हातात दिली.

"वाटीनं वाढा सर. वाटीनं बरं येतं."

त्यांनी वाटीनेच वाढलं. खिचडीत मीठ नव्हतं. मी दोनदा मागून घेतली.